पेडल स्टील आणि हार्प एकाच सायकेडेलिक संचात: सूर का भांडतात, जागा कशी वाटायची, आणि दमट हवेचं काय करायचं

माडाखाली
आमचा संच पाच जणांचा: ड्रम, बेस, ऑर्गन, दहा तारांची पेडल स्टील (आडवी ठेवून, तारांवर लोखंडी बार फिरवून वाजवायची गिटार; ई-नाइन ट्यूनिंग, म्हणजे ई च्या कॉर्डवर बेतलेली जुळणी; तारांचे सूर बदलायला तीन पेडल आणि गुडघ्याने ढकलायचे चार लिव्हर) आणि ३६ तारांची लिव्हर हार्प. हार्प म्हणजे उभी, बोटांनी छेडायची ती, प्रत्येक तारेला तिचा सूर अर्ध्याने चढवणारा लिव्हर. माउथऑर्गन नव्हे. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात धागा भरकटतो. संगीत लांब पल्ल्याचं, एकाच सुराभोवती फिरणारं, फझ (आवाज खरखरीत, दाट करणारा इफेक्ट) आणि डिले (वाजलेला सूर प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारा) भरपूर. कार्यक्रम रत्नागिरीजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, अर्ध्या उघड्या मंडपात, दिवाळीनंतर.
तीन अडचणी आहेत. दोन्ही वाद्यं ट्यूनरवर बरोबर दिसतात, तरी एकत्र कॉर्ड धरला की आवाज डोलतो. दोघांचा मिळून मध्यात चिखल होतो. आणि हार्प तासाभरात उतरते किंवा चढते. वाद्यं नवीन घ्या असं सांगू नये, कोकणात पेडल स्टील रस्त्यावर मिळत नाही.

षड्जपंचम
पहिली अडचण म्हणजे पेटी आणि तंबोऱ्याचं जुनंच भांडण. पेटीचा गंधार चढा, तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार त्याच्यापेक्षा सुमारे १४ सेंट खाली (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). पेडल स्टीलवाले कानाने लावतात तेव्हा ते नकळत तंबोऱ्याच्या बाजूला जातात, कारण लांब धरलेल्या कॉर्डमध्ये चढा गंधार लगेच खुपतो. हार्प ट्यूनरवर लावलेली, म्हणजे ती पेटीच्या पक्षाची. तुमचा ऑर्गनही त्याच पक्षाचा.
आकड्यात बघा. ई-नाइनच्या तिसऱ्या तारेवर जी शार्प आहे, ट्यूनरप्रमाणे ४१५.३ हर्ट्झ. कानाने शुद्ध लावला तर तो ४१२ च्या आसपास येतो. हार्पने तोच सूर वाजवला की सेकंदाला तीनाहून थोडे जास्त विस्पंद. तेच तुमचं डोलणं.
तडजोड अशी: ई, बी आणि एफ शार्पच्या तारा ट्यूनरच्या शून्यावर. जी शार्प (३ आणि ६) आणि डी शार्प (२) साधारण ५ सेंट खाली. ए पेडल दाबल्यावर येणारा सी शार्प ५ खाली, बी पेडलचा ए शून्यावर (ए, बी ही इथे पेडलांची नावं, सुरांची नव्हेत). विस्पंद सेकंदाला एकाच्या जवळ येतात, तेवढं कोरस इफेक्टसारखं गोड लागतं.
ई ची तार एफ पर्यंत चढवणारा लिव्हर (एफ लिव्हर) मात्र जपून. ए पेडलसोबत तो शुद्ध लावला तर ट्यूनरपेक्षा तीसेक सेंट खाली बसतो. त्या जागी हार्पसोबत लांब कॉर्ड धरू नका, पटकन ओलांडून जा.

रापण
षड्जपंचम यांचं गणित मान्य, निष्कर्ष अर्धाच. फझ लावल्यावर ही तडजोड फसते. फझमधून दोन सूर एकदम गेले की त्यांच्या फरकाचा तिसरा सूर तयार होतो. ई (३२९.६) आणि ट्यूनरचा जी शार्प (४१५.३) यांचा फरक ८५.७ हर्ट्झ. खालचा ई आहे ८२.४. म्हणजे तुमच्या बेसच्या शेजारी एक भुताचा सूर येऊन बसतो, सुमारे ६७ सेंट चढा. ऐकणाऱ्याला वाटतं बेसवाला बेसूर आहे, आणि बिचारा बेसवाला उगाच खुंट्या पिळतो. गंधार शुद्ध असेल तर फरक बरोबर ८२.४ येतो आणि कॉर्ड खालून भरतो.
म्हणून माझं मत: गाण्याच्या ज्या भागात स्टीलवर फझ आहे तिथे हार्पने गंधार वाजवूच नये. षड्ज, पंचम, फार तर रिषभ. गंधार स्टीलकडे सोडा.

षड्जपंचम
हे पटलं. किंवा उलट, फझमध्ये स्टीलने फक्त दोन तारा, षड्ज-पंचम, आणि गंधार हार्पकडे. पण दोघांनी एकाच सप्तकात गंधार धरायचा नाही, एवढं पाळा.
एक राहिलं होतं. ए आणि बी पेडल एकदम दाबले की वाद्याचा सांगाडा ताणाने किंचित वाकतो आणि न दाबलेल्या ई च्या तारा तीन-पाच सेंट उतरतात. वाद्य बिघडलेलं नाही, सगळ्यांचंच होतं. ई लावताना पेडल दाबून आणि सोडून, दोन्ही वेळा बघा आणि मध्यावर ठेवा. लावायचा क्रमही ठरलेला: आधी उघड्या तारा खुंट्यांनी, मग प्रत्येक पेडल-लिव्हर दाबून उजव्या टोकाच्या नायलॉनच्या नटांनी. नटाला ३/१६ इंची षट्कोनी पाना लागतो. क्रम उलटा केलात तर गोल गोल फिरत बसाल.

खाडीपलीकडे
हार्पच्या बाजूने. लिव्हर हार्प बहुतेक ई फ्लॅटमध्ये लावतात. तशी असेल तर एक गंमत आहे: सगळे लिव्हर वर केले की आख्खी हार्प ई मेजर होते, म्हणजे स्टीलचा उघडा कॉर्ड. पण म्हणून सगळी गाणी ई मध्ये करू नका. सगळे लिव्हर चढलेले असले की प्रत्येक तार थोडी कोरडी वाजते, आणि तिथून वर जायला जागाच उरत नाही.
जी मध्ये या. एफ, बी, ई, ए यांचे लिव्हर वर, बाकी खाली. स्टीलला जी तीन ठिकाणी मिळतो: तिसऱ्या फ्रेटवर काही न दाबता, सहाव्यावर ए पेडल आणि एफ लिव्हर, दहाव्यावर ए आणि बी पेडल. त्याच लिव्हरांवर डी धरून बसलात तर खमाज थाट, ए धरलात तर काफी. अर्धा तास एका सुरावर फिरायचं असेल तर एवढं पुष्कळ झालं, मध्ये एकही लिव्हर हलवायला नको.
हलवायचाच असेल तर तो डाव्या हाताने, आणि तेवढा वेळ डावा हात वाजवत नाही. म्हणजे हार्पचा खर्ज एक-दोन मात्रा गायब. ते भगदाड स्टीलने आठव्या-दहाव्या तारेवर भरायचं, आधी ठरवून.

माडाखाली
फारच उपयोगी. ४७ तारांची पेडल हार्प काही दिवसांसाठी मिळण्याची शक्यता आहे. ती घ्यावी का? आणि तिच्यावर सी मेजरचे झंकार सोडून काय करता येईल?

खाडीपलीकडे
करता येईल खूप, नेता येईल का ते आधी बघा. ४० किलोच्या आसपासचं धूड, घाटातून आडवं झोपवून न्यावं लागतं.
सात पेडल, प्रत्येकाला तीन खाचा: वर फ्लॅट, मध्ये नॅचरल, खाली शार्प. डाव्या पायाला डी, सी, बी, उजव्याला ई, एफ, जी, ए. सेबास्तियाँ एरारची १८१० ची ही दुहेरी रचना आजही तशीच चालते. मजा अशी की दोन शेजारच्या तारा एकाच सुरावर आणता येतात. स्टील ई वर असेल तर लावा: डी फ्लॅट, सी शार्प, बी नॅचरल, मग ई नॅचरल, एफ शार्प, जी शार्प, ए फ्लॅट. सातही तारा मिळून पाचच सूर: ई, एफ शार्प, जी शार्प, बी, सी शार्प. आपला भूपच. हात कुठूनही कुठेही फिरवा, चुकीचा सूर लागूच शकत नाही, आणि जोडीच्या तारांमुळे झंकार दाट होतो.
स्टीलने ए आणि बी पेडल दाबून ए मेजर घेतला की हार्पला ए चा भूप हवा. त्यासाठी जी शार्पवरून जी फ्लॅटवर (दोन खाचा वर) आणि ए फ्लॅटवरून नॅचरलवर (एक खाच खाली). दोन्ही पेडल उजव्या पायाचे, दिशा उलट, म्हणजे एका झटक्यात होत नाही. अर्धा आवर्तन आधी सुरू करा. किंवा सोपा मार्ग: फक्त ए चा पेडल हलवा, जी शार्प राहू द्या. मग ए मेजर सेव्हन होतो, थोडा धुकट, या संगीताला शोभतोही.
तारा घुमत असताना पेडल हलवला की सूर बदलणाऱ्या चकत्या तारेला घासून ‘झुर्र’ वाजतं. आधी तळव्याने तारा झाका.

पायपेटी
या धाग्यात पेडल शब्दाचे चार अर्थ झालेत: स्टीलचे, हार्पचे, व्हॉल्यूमचा आणि इफेक्टचे. मी व्हॉल्यूमच्या पेडलबद्दल बोलतोय, कारण चिखलाचं खरं कारण तिथे आहे.
हार्पचा सूर जन्मतानाच सर्वांत मोठा असतो, मग तो मावळत जातो. वरच्या सप्तकात तर क्षणात संपतो. पेडल स्टीलचा सूर व्हॉल्यूम पेडलने उलटा वाढवता येतो. दोघांनी एकाच मात्रेवर टणत्कार केला तर दोघेही वाया. म्हणून स्टीलने तार छेडायची मात्रेवरच, पण पेडल बंद ठेवून. मग अर्ध्या मात्रेत उघडायचा. ऐकणाऱ्याला वाटतं की हार्पची तार विझायच्या ऐवजी गाऊ लागली. या जोडीचं सगळं मर्म एवढंच, बाकीचं सजावट.
चूक कुठे होते? पेडल पूर्ण उघडा ठेवून छेडलं जातं, आणि सूर मावळताना वाढवायला काही शिल्लकच नसतं. छेडताना निम्म्याच्या वर जायचं नाही.
इफेक्टचा क्रम: स्टील, फझ, व्हॉल्यूम पेडल, फेझर, डिले, रिव्हर्ब. फझ व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे सूर लहान केला तरी फझचा दाटपणा तोच राहतो. जुन्या धाटणीच्या जर्मेनियम फझच्या आधी बफर (सिग्नल सांभाळणारं सर्किट) घालू नका, आवाज पत्र्यासारखा होतो. डिले व्हॉल्यूमच्या नंतर, म्हणजे पाय उचलला तरी शेपूट चालू.
डिले एकालाच द्या. मिनिटाला ८४ मात्रांच्या लयीत एक मात्रा ७१४ मिलिसेकंद, पाऊण मात्रा ५३६. हार्पला ५३६ चा डिले, दोन-तीन पुनरावृत्ती, आणि स्टीलला नुसता रिव्हर्ब. दोघांना लांब डिले दिला की पाचव्या आवर्तनात कोण वाजवतंय ते वाजवणाऱ्यालाही कळत नाही.

रापण
+१. ऐकायचं असेल तर दोन्ही वाटा वेगवेगळ्या ऐका. स्टीलवर फझ कसा बसतो त्यासाठी स्नीकी पीट क्लाइनो. ग्रेटफुल डेड या रॉक संचाच्या जेरी गार्सियाने १९६९ मध्ये पेडल स्टील हाती घेतली, त्याचा हात नॅशव्हिलच्या कसलेल्या कंट्री संगीतवाल्यांसारखा सफाईदार नाही, पण जागा सोडणं शिकण्यासारखं. रॉकच्या बाहेर जायची तयारी असेल तर सुझन अल्कॉर्न. हार्पसाठी डोरोथी अॅशबी आणि अॅलिस कोल्ट्रेन. कोल्ट्रेनबाई झंकाराला वेळेत बांधत नाहीत, लाटेसारखा येऊ देतात. तालाला चिकटलेला झंकार स्वागत समारंभाला शोभतो, इथे नाही.

वायरमन
आवाजाची जोडणी कुणी बोललंच नाही.
हार्पच्या ध्वनिपट्टीवर आतून पिझो चकती (लाकडाची कंपनं विजेत बदलणारी) चिकटवतात. ती सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडली की आवाज किरटा येतो आणि दोष हार्पला मिळतो. हिशोब करा: २७ मिलिमीटरची साधी चकती सुमारे २० नॅनोफॅरडची. लाइन इनपुट १० किलोओहमचा असेल तर ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळतं. तीच चकती १ मेगाओहमच्या डीआयला (वाद्य आणि मिक्सर यांच्यामधल्या जोडणीच्या डब्याला) जोडली तर गळती ८ हर्ट्झपर्यंत खाली जाते. म्हणजे हार्पचा सगळा खर्ज शाबूत. डीआय घेताना हा एक आकडा विचारा, बाकी रंगरूप सोडा.
पिझो खालच्या अंगासाठी, एक छोटा कंडेन्सर माइक वरच्या अंगासाठी, ध्वनिपट्टीपासून हातभर. माइकवर २०० हर्ट्झच्या खालचं कापा. बेसचा स्पीकर हार्पकडे तोंड करून ठेवू नका, ४७ काय किंवा ३६ काय, सगळ्या तारा आपोआप घुमू लागतात. पोकळ लाकडी स्टेज असेल तर हार्पखाली जाड रबराची चटई.
मंडपातला साउंड बहुतेक वेळा मोनो असतो. एक डावीकडे, एक उजवीकडे हे विसरा. स्टीलचं ८०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करा, हार्पचं २५० ते ४०० मध्ये. बाकी फरक वाजवणाऱ्यांनी सप्तक बदलून करायचा.
आता महत्त्वाचं. पेडल स्टीलच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि हातात उघडा लोखंडी बार. तोच माणूस माइकवर गात असेल आणि अर्थिंग कच्चं असेल तर झटका ओठाला. कातळावरच्या जागेत अर्थचा खड्डा पाऊस संपला की कोरडा पडतो. कार्यक्रमाआधी मीटरने तपासा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मग स्टीलच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मीटर धरा. काही व्होल्टच्या वर दिसलं तर गाणं बंद, आधी वायरिंग. ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेला बोर्ड वापरा. हम येतो म्हणून प्लगची अर्थची पिन काढणारे महाभाग सगळीकडे असतात, त्यांना स्टेजवर चढू देऊ नका. हम घालवायचा तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण आहे.

चिरेबंदी
हवेबद्दल. हार्पला ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती नव्वदीला टेकते आणि दिवाळीनंतरही किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळ पुष्कळ असते. लाकूड पाणी पितं, ध्वनिपट्टी फुगते, सूर हलतो. आतड्याच्या तारा तर सरळ हवामान खात्याचं काम करतात. तुमच्या लिव्हर हार्पला नायलॉनच्या असतील तर उत्तम. खर्जाच्या धातूच्या तारा मात्र खारट हवेत काळवंडतात आणि मेल्यासारख्या वाजतात, त्यांचा एक जादा संच ठेवा.
सर्वांत मोठी चूक म्हणजे एसी खोलीतून थेट मंडपात. दोन तास आधी वाद्यं स्टेजवर, झाकण काढून. एसी बंद.
स्टीलचा शत्रू गंज. उजव्या टोकाचा चेंजर, जिथे तारा वळतात, तिथे मीठ आणि धूळ मिळून चिकट लेप होतो. पेडल सोडल्यावर सूर जागेवर येत नाही तो त्यामुळे. उपाय: लायटरमधलं पेट्रोल थेंब थेंब सोडून आधी मळ धुवा, वाळू द्या, मग शिलाई मशीनच्या तेलाचा प्रत्येक सांध्यावर एकच थेंब. उलट केलंत, म्हणजे मळावरच तेल, तर दोन आठवड्यांत लापशी. पेट्रोल उघड्यावर, विडी-काडी लांब.
तारा स्टेनलेसच्या घ्या, निकेलपेक्षा थोड्या तीक्ष्ण वाजतात पण टिकतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास सुकवून परत.

आबोली
तीन नंबरची तार तुटली काय सगळा थांबता, ह्या कोणी लिवल्यानच नाय. ०.०११ ची बारीक तार, जी शार्पपर्यंत ताणलेली, वर बी पेडल तिला अजून अर्धा सूर ओढतो. तुटते ती चेंजरच्या गोल माथ्यावरच. तिथे जुन्या तारेने खाच पाडलेली असेल तर नवी तारही तिथेच जाते. बारीक पॉलिश पेपरने माथा गुळगुळीत करा. चार जादा तारा हाताशी, नव्या तारेला आधी हाताने ताण देऊन.

माडाखाली
पेडल हार्प नाही मिळाली तर लिव्हर हार्पच्या जोडीला स्वरमंडळ चालेल का? घरात आहे.

षड्जपंचम
झंकारापुरतं चालेल. किशोरीताईंच्या मांडीवरचं स्वरमंडळ आठवा: ते सुरांचं वातावरण करतं, चाल वाजवत नाही. एका थाटात लावून ठेवा आणि त्याच गाण्यात वापरा, मध्येच थाट बदलणं अशक्य. खर्ज नाही, आणि पोलादी तारा थांबत नाहीत म्हणून कॉर्ड बदलला की मागचा कॉर्ड लोंबत राहतो. तळवा ठेवून विझवायची सवय करा. फायदा एकच, पण मोठा: त्याचा गंधार तुम्ही हवा तसा शुद्ध लावू शकता. म्हणजे फझच्या भागात हार्प गप्प, स्वरमंडळ आणि स्टील दोघेही तंबोऱ्याच्या पक्षात. ऑर्गनवाल्याला तेवढा वेळ नुसता षड्ज-पंचम धरायला सांगा.

खाडीपलीकडे
शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. दुपारी समुद्राकडून वारा. तो हार्पच्या तारांतून गेला की हार्प स्वतःच हुंकारते, माइक ते उचलतो. ऐकायला सुंदर, मिक्सला घातक. हार्प जमिनीच्या बाजूला, मागे कापडी पडदा, माइकला फोमची टोपी. सूर्य मावळल्यावर वारा पडतो आणि दव धरायला लागतं, तेव्हा हार्प पुन्हा हलते. कार्यक्रम साडेसातला असेल तर पाचला लावलेल्या हार्पवर विश्वास ठेवू नका.

माडाखाली
मग त्या संध्याकाळी क्रम काय ठेवू? साउंडवाला सहाला येणार आहे.

पायपेटी
पाचला दोन्ही वाद्यं स्टेजवर, उघडी. सहाला वीज तपासणी, वायरमन यांनी सांगितली तशी. साडेसहाला हार्प, ३६ तारांना वीसेक मिनिटं धरा, क्लिपचा ट्यूनर लाकडाला लावून, म्हणजे ड्रमवाला ठोकत असला तरी चालतं. त्यानंतरच स्टील, दिवे चालू करून, कारण पोलादी तार दिव्यांच्या उष्णतेने उतरते. स्टीलचा ई ट्यूनरवर न लावता हार्पच्या मधल्या सप्तकातल्या ई शी कानाने जुळवा. सातला शेवटची फेरी, फक्त हार्पच्या मधल्या दोन सप्तकांची. पहिलं गाणं असं निवडा ज्यात हार्पचा वरचा भाग लागत नाही, आणि दुसऱ्या गाण्याआधी ड्रम-बेसला दोन मिनिटं एकटं वाजू द्या. तेवढ्यात हार्प परत लावून होते.

आबोली
आणि खुंटीची किल्ली हार्पवाल्याच्याच खिशात. स्टेजवर ठेवलेली किल्ली मंडपवाला नेता.